कुपथ्याचा आंबा

दिवाळी अंकाचा वाचक बहुधा फराळाचे ताट शेजारी ठेवूनच अंक उघडतो. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात कथा, अशा सुखी अवस्थेत असलेल्या माणसापुढे पोटाच्या दुखण्याचा विषय काढणे औचित्याला सोडून आहे, हे मला कळते. तरी तो काढण्याचे धाडस मी करणार आहे. एक तर हा विषय आपल्या घरोघरीच्या दोन पोथ्यांनी माझ्याआधी काढला आहे. आणि दुसरे असे की गेली सत्तावीस वर्षे दर दिवाळीला मी फराळ करते, तो माझ्या हाताला चांगला उतरतो असे लोक म्हणतात, आणि त्यातले जवळजवळ काहीही मला खाता येत नाही. तेव्हा या ताटाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला असावा.

मी बुलढाण्याला राहते. नोकरी मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवण्याची होती. एसटीने राजूरचा घाट उतरून जायचे आणि संध्याकाळी चढून यायचे. १९९८ साली माझ्या मोठ्या आतड्याला व्रण असल्याचे निदान झाले. या रोगाला डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. त्याआधी चौदा महिने कोणी आव म्हटले, कोणी मूळव्याध म्हटले, आणि एका डॉक्टरांनी ‘बाई, तुम्ही विचार फार करता’ असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, मुलगी चार वर्षांची. दिवसातून बारा-पंधरा वेळा उठावे लागत असे. घाटातल्या एसटीत हे दुखणे घेऊन बसणे म्हणजे काय, ते ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. राजूर घाटातले प्रत्येक वळण, पुढच्या थांब्याचे अंतर, कोणत्या थांब्यामागे कोणाचे घर आणि त्या घरातली बाई ओळखीची आहे की नाही, हा भूगोल मला त्या वर्षांत तोंडपाठ झाला.

हे सांगण्याचे कारण सहानुभूती मिळवणे नव्हे. मी मराठीची शिक्षिका. दुखण्यात वाचनावाचून दुसरा विरंगुळा नव्हता, आणि अंथरुणावर पडून वाचताना एक प्रश्न मला वारंवार पडे. आपल्या वाङ्मयात माझ्यासारखे माणूस कुठे आहे? क्षयाने झिजणारी नायिका आहे, तापाने फणफणणारे मूल आहे, हृदयविकाराने कोसळणारे वडील तर पैशाला पासरी आहेत. पण पोट? पोट आले की लेखक हसू लागतो. विनोदी लेखनात पोट हा हुकमी विषय आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ सालच्या पुस्तकातला ‘उपास’ आठवा. पंतांनी वजन उतरवायचे ठरवताच अवघी चाळ आहारशास्त्रज्ञ होते, आणि प्रत्येकाचा सल्ला दुसऱ्याच्या सल्ल्याला छेद देतो. ते पान मी आजारात वाचले तेव्हा इतकी हसले की पोट दुखले. आणि मग लक्षात आले की ही चाळ माझ्या ओसरीवर रोज भरते आहे. कोणी ताक सांगते, कोणी ताक सोडा म्हणून सांगते, कोणी बेलफळाचा मुरंबा घेऊन येते. पुलंनी पाहिले ते खरेच आहे. फक्त पंतांची सुटका लेखाच्या शेवटी होते.

ज्याला पोटाचे दुखणे गंभीरपणे सांगावेसे वाटले असा मराठी लेखक शोधता शोधता मी शेवटी पोथ्यांपाशी येऊन पोचले. खरे म्हणजे त्याच माझ्यापाशी आल्या. आमच्या घरी सासरे गुरुचरित्र वाचीत आणि सासूबाई दर गुरुवारी ‘गजानन विजय’ वाचीत. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा एक समज आहे आणि सासऱ्यांच्या हयातीत तो आमच्या घरी पाळला जाई. ते गेल्यावर मी ते वाचले. दुखणेकऱ्याला एवढी सवलत असावी.

गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण येतो. नृसिंह सरस्वती गोदावरीकाठी वासर ब्रह्मेश्वराला, म्हणजे आजच्या तेलंगणातल्या बासरला, आले असताना हा मनुष्य पोटाला दगड बांधून नदीत जीव द्यायला निघाला आहे. जेवले की असह्य वेदना, म्हणून त्याने जेवणच जवळजवळ सोडले आहे; पंधरवड्याने किंवा महिन्याने एकदा जेवतो. सणाचा दिवस आला, पक्वान्ने झाली, मोह आवरला नाही, आणि दुखणे उसळले. स्वामी त्याला काठावर आणवितात. तो जे बोलतो ते ओवीबद्ध भाषण मला मराठीतले पोटदुखीचे पहिले मोठे आत्मकथन वाटते. माणूस अन्नावर जगतो आणि अन्नच माझे वैरी झाले, मग जगू कसा, असा त्याचा सरळ सवाल आहे. आणि मग तो स्वतःवर आरोपपत्र ठेवतो. मागल्या जन्मी कोणाचा घास हिरावला असेल, कोणाचा द्रोह केला असेल, त्याचे हे फळ.

या ठिकाणी मी पोथी मिटून ठेवली होती. सरस्वती गंगाधरांनी पाचशे वर्षांपूर्वी जे नोंदवले ते किती अचूक आहे! पोटाचा रोगी आधी स्वतःलाच गुन्हेगार धरतो. दुसऱ्या रोगांत दैवाला बोल लावता येतो. पोटाच्या रोगात बोट आपल्याच ताटाकडे वळते. काय खाल्ले होते? कुठे खाल्ले? कशाला खाल्ले? पूर्वजन्माच्या जागी आता फक्त ‘टेन्शन’ हा शब्द आला आहे, आरोपाचे कलम तेच. जठराच्या अल्सरची गोष्ट पाहा. चिंता आणि तिखट यांनी अल्सर होतो असे जगभरचे वैद्यक कित्येक दशके शिकवीत होते, आणि त्या काळात किती तरी रोग्यांना त्यांच्या स्वभावाबद्दल बोलणी बसली. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी बहुतेक अल्सरांच्या मुळाशी असलेला जंतू हुडकला, मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचा स्वभाव एका जंतूने निर्दोष सोडवला. माझ्या रोगाचा तसा जंतू सापडलेला नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच आतड्यावर उलटते एवढे कळले आहे; ती का उलटते याचा पुरता उलगडा व्हायचा आहे. म्हणून अजून अधूनमधून मला कोणी तरी सांगते, ‘तुम्ही विचार फार करता.’

तर तो ब्राह्मण. स्वामी त्याला औषध सांगतात, आणि ते औषध म्हणजे पोटभर जेवण. गावचा अधिकारी सायंदेव आपल्या घरी स्वामींना भिक्षेला बोलावतो, तेव्हा स्वामी म्हणतात, यालाही ने आणि मिष्टान्न वाढ. सायंदेव घाबरतो. हा घासाघासाला मरणारा मनुष्य माझ्या ताटावर मेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी. पण स्वामींचा आग्रह कायम राहतो, उडदाच्या वड्यांसकट सारे त्याला वाढले जाते, तो जेवतो आणि बरा होतो.

चमत्कार बाजूला ठेवा. श्रद्धाळूंनी तो मानावा, इतरांनी मानू नये; वाङ्मयाच्या दृष्टीने माझे लक्ष सायंदेवाच्या भीतीकडे जाते. यजमानाची ही भीती मी शेकडो घरांत पाहिली आहे. हळदीकुंकवाला गेले की यजमानीण वाटी पुढे करते आणि निम्म्यात थांबते. ‘तुम्हाला चालतं ना?’ त्या निम्म्यात थांबलेल्या हातात पोटाच्या रोग्याचे सारे दुःख आहे. रोगाने वेदना होतात त्या होतातच. पण रोग त्याला पंक्तीतून उठवतो, आणि ते उठणे वेदनेहून अधिक काळ टिकते. गुरुचरित्रकाराला हे ठाऊक आहे. म्हणून त्याने बरे होण्याचे ठिकाण देऊळ किंवा नदीकाठ न ठेवता दुसऱ्याच्या घरचे पान हे ठेवले. त्या ब्राह्मणाला काढा देऊनही बरे करता आले असते. त्याला पंक्तीत बसवले गेले.

आता सासूबाईंच्या पोथीकडे. दासगणू महाराजांनी, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे यांनी, १९३९ साली शेगावी ‘गजानन विजय’ हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ रचला. आमच्या जिल्ह्यात हा ग्रंथ नाही असे घर शोधावे लागेल. दासगणू मुळात कीर्तनकार, आणि त्याआधी पोलीस खात्यातले. माणसे कशी खोटे बोलतात, कशी कबुली देतात, याची जाण त्यांना असल्याचे ग्रंथभर दिसते. तथापि या ग्रंथाकडे अन्नाच्या अंगाने कोणी पाहावे तसे पाहिलेले माझ्या वाचनात नाही. पाहिले तर आश्चर्य वाटेल. हे सबंध चरित्रच जेवणाने सुरू होते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी देविदास पातुरकरांच्या घरी कार्य असते, बाहेर उष्ट्या पत्रावळी टाकलेल्या असतात, आणि एक तरुण दिगंबर पुरुष त्यांतली शिते वेचून खात असतो. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत हे दृश्य पाहतात आणि थबकतात. मग पुढे जानकीराम सोनार विस्तव नाकारतो आणि त्याच्या पंक्तीतल्या चिंचवण्यात किडे पडून पाहुणे ताटावरून उठतात. चंदू मुकिनाच्या घरी उतरंडीत विसरलेले दोन कानवले महाराज मागून खातात. झुणका, भाकरी, हिरव्या मिरच्या, अंबाडीची भाजी यांनी पाने भरलेली आहेत. कोणाचे अन्न नासते, कोणाचे शिळे अन्न टिकते, कोण भरल्या ताटावरून उठतो, यांवर माणसांची पारख होते. वऱ्हाडी माणसाला ही पोथी आपली वाटते याचे निम्मे कारण तिच्यातला स्वयंपाक आहे, असे मी धिटाईने म्हणते.

या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात कारंज्याचा लक्ष्मण घुडे येतो. योगायोग असा की कारंजे हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. ज्यांनी बासरला पोटशूळ घालवला त्यांच्याच गावचा हा दुसरा पोटाचा रोगी. घुडे श्रीमंत आहे. उपचार करून थकला आहे. इतका खंगला आहे की त्याला उचलून शेगावी आणावे लागते, नमस्कार करण्याचीही शक्ती नाही. नमस्कार त्याची बायको करते, पदर पसरते, कुंकू मागते. महाराज आंबा खात बसलेले असतात. तो आंबा ते तिच्या अंगावर फेकतात आणि नवऱ्याला खाऊ घालायला सांगतात. ती घरी आणते, तर वैद्य म्हणतो, आंबा म्हणजे पोटाच्या दुखण्यात कुपथ्य. तरीही तो आंबा घुड्याच्या पोटात जातो, कोठा साफ होतो, आणि व्याधी निघून जाते.

दोन पोथ्यांत चारशे वर्षांहून अधिक अंतर आहे, पण औषध एकच: जे वर्ज्य तेच. दासगणूंना गुरुचरित्र मुखोद्गत असणार, तेव्हा ही छाया जाणूनबुजून पडली असेल. फरक आहे तो त्या बाईत. गुरुचरित्रातल्या ब्राह्मणाला घर असल्यासारखे वाटत नाही. त्याच्या बायकामुलांनी त्या उपवासाच्या महिन्यांत काय खाल्ले, कसे खाल्ले, त्याच्या देखत खाल्ले की आडून, याचा पत्ता लागत नाही. घुड्याच्या गोष्टीत मात्र रोग घरात आहे. एका बाजूला वैद्य, दुसऱ्या बाजूला महाराज, आणि मध्ये हातात आंबा घेतलेली बाई. लक्ष्मणाची बायको एवढीच तिची ओळख, पण निर्णय तिच्या हाती आहे. फोड कापणारी तीच. आंबा बाधला असता तर वैद्य म्हणाला असता, मी सांगितले होते. दासगणू तिच्या मनात शिरत नाहीत. तिने विश्वास ठेवला एवढ्यावर पुढे जातात. इथे माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. कारंज्यापर्यंतच्या वाटेवर, पदरात आंबा आणि शेजारी कण्हणारा नवरा, या बाईने काय विचार केला असेल? मराठीत एका कथेचा ऐवज तिथे पडून आहे.

मला तो ठाऊक आहे, कारण एका उन्हाळ्यात ती बाई आमच्या घरी होती. २००१ सालचा मे महिना. माझे दुखणे पुन्हा उलटले होते. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी तोंड सुजले होते. मुलगी सात वर्षांची. ती आरशात माझ्याकडे पाही आणि मग माझ्याकडे पाही. आहार म्हणजे मऊ भात, वरणाचे पाणी, उकडलेला बटाटा. फळे नकोत अशी ताकीद होती. गुरुवारी सासूबाई ओसरीवर पोथी वाचीत होत्या आणि मी आतल्या खोलीत, मोरीच्या जवळ, खाट टाकून पडले होते. घुड्याचा आंबा आला. सासूबाईंचा आवाज तिथे हळू झाला. अध्याय संपला, आरती झाली, आणि त्या आत आल्या त्या बशीत आंब्याची एक फोड घेऊन. साल काढलेली, धागे वेचून काढलेली.

‘‘खाऊन घे वं माय. एक फोड. काई होत नाई.’’

माझा मुलगा दारात उभा होता. अकरा वर्षांचा. तो म्हणाला, ‘‘आजी, डॉक्टरनं नाही म्हटलं ना!’’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. बशी धरलेला हात मात्र मागे गेला नाही. तिसरी इयत्ता शिकलेली, आयुष्यभर माझ्याशी मीठ-मिरचीवरून वाद घालणारी ती बाई त्या क्षणी सायंदेवाइतकी भ्यालेली होती, हे मला तिच्या अंगठ्यावरून कळले. तो बशीच्या काठावर थरथरत होता.

मी फोड खाल्ली. तीन वर्षांनी आंबा खाल्ला. त्या रात्री मी सहा वेळा उठले. आदल्या रात्री सहाच वेळा उठले होते, आणि दुसऱ्या रात्रीही तितकीच. आंब्याने माझे काही बरे केले नाही आणि काही बिघडवलेही नाही. सासूबाई मात्र रात्रभर मोरीच्या दाराशी बॅटरी घेऊन पाटावर बसून होत्या. वीज गेली होती. सकाळी त्यांनी चहा केला, माझ्या आठच्या गोळ्या मोजून हातावर ठेवल्या, आणि आंब्याविषयी एक अक्षर काढले नाही. पुढच्या गुरुवारी अकरावा अध्याय वाचला.

पोथीवर टीका करायची तर माझी टीका ही एवढीच आहे. ‘काही झाले नाही’ या शेवटाला तिच्यात जागा नाही. पोथीत रोगी बरा होतो. आधुनिक कथेत तो मरतो. विनोदात तो हसे करून घेतो. माझा रोग या तिन्ही प्रकारांत बसत नाही. तो जात नाही आणि मारीतही नाही. दोन वर्षे निजतो, चार महिने जागतो. मेसालामिनच्या गोळ्या रोजच्या, तपासणी ठरलेली, आणि आतड्याचा कर्करोग डोकावतो का म्हणून मधूनमधून दुर्बिणीने पाहणे. अशा दुखण्याला कथानक नसते, दिनक्रम असतो. दिनक्रमाचे वाङ्मय लिहिणे कठीण. आमच्याकडे ते एकाच ठिकाणी लिहिले गेले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे वैद्यकाचे जुने ग्रंथ. चरकाच्या चिकित्सास्थानातला पंधरावा अध्याय ग्रहणीचा आहे. त्यात ताकाचे कौतुक आहे, अग्नीचा विचार आहे. आणि शोधनानंतर रोग्याला पुन्हा अन्नावर आणण्याचा जो क्रम आयुर्वेद सांगतो, आधी पेज, मग घट्ट पेज, मग हळूहळू पुरते जेवण, त्यात मला कादंबरीची शिस्त दिसते. तिथे चमत्कार घडत नाही. उद्या आजच्यापेक्षा एक पायरी दाट. त्या ताकाने माझे आतडे बरे झाले असा दावा मी करीत नाही. माझे दुखणे आटोक्यात आहे ते गोळ्यांनी. पण रोग्याजवळ दुसऱ्या दिवशीही बसून राहणारा लेखक म्हणून चरक मला जवळचा वाटला.

आता घुड्याच्या गोष्टीचा उत्तरार्ध, जो कीर्तनकार मोठ्या खुलाव्याने सांगतात. बरा झालेला घुडे महाराजांना कारंज्याला घरी नेतो. पूजा करतो, तबकात काही रुपये दक्षिणा म्हणून ठेवतो, आणि वर म्हणतो की हे सारे घरदार, धनदौलत आपलीच आहे. महाराज म्हणतात, मग तिजोरीची कुलपे काढून टाक, ज्याला जे हवे ते नेऊ दे. घुडे अडखळतो. महाराज निघून जातात, आणि पुढे घुड्याची संपत्तीही जाते.

रचनेच्या दृष्टीने हा उत्तरार्ध पूर्वार्धाहून सरस आहे. दासगणू रोग्याच्या मागे त्याच्या घरापर्यंत जातात, हे आमच्या वाङ्मयात दुर्मिळ. बरा झालेला मनुष्य कसा वागतो हे त्यांनी पाहिले, आणि तबकातली दक्षिणा नि तोंडातले ‘सारे आपलेच’ यांतली विसंगती त्यांनी जुन्या पोलिसाच्या नजरेने टिपली. शब्द आणि किल्ली यांची गाठ पडली की माणूस उघडा पडतो, हे नाट्य बिनतोड आहे.

परंतु निकाल मला मान्य नाही. ढोंग वाईट, हे कबूल. पण घुड्याच्या तिजोरीकडे मी रोग्याच्या डोळ्यांनी पाहते. ज्याला उचलून नेण्याची पाळी एकदा आली आहे तो कुलूप सहजासहजी काढीत नाही. आमच्या घरी तिजोरी नव्हती, गोदरेजच्या कपाटात एक डबा होता. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी, मुलीच्या लग्नाचे सोने, आणि तिसरी एक पुरचुंडी, जिच्यावर मी काही लिहिले नव्हते; आतडे काढावे लागले तर नागपूर किंवा मुंबई गाठायला लागणारे ते पैसे. २००४ मध्ये धाकट्या दिरांना दुकानासाठी रक्कम हवी होती. मी ‘आहेत कुठे?’ म्हटले. डबा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. दीर ताटावरून उठून गेले आणि पुढे दोन वर्षे आमच्याकडे जेवले नाहीत. तेव्हा घुडे अडखळला म्हणून त्याला हसण्याचा हक्क निरोगी श्रोत्यांनी गाजवू नये. दासगणूंनी घुड्याचे ढोंग पाहिले. त्याची भीती त्यांनी पाहिली नाही. निदान ती त्यांना सांगण्यासारखी वाटली नाही. आणि त्या तिजोरीच्या खोलीत, महाराज उंबऱ्याबाहेर गेल्यावर, ती आंब्याची फोड कापणारी बाई कुठे उभी होती, हेही पोथी सांगत नाही.

हे मी सासूबाईंना एकदा बोलून दाखवले होते. त्यांना राग येईल असे वाटले होते. त्या गहू निवडीत होत्या. म्हणाल्या, ‘‘मंग तिनं काय केलं असन? सयपाक केला असन. पाहुनं उपाशी गेलं म्हनून रडली असन अन् मंग ताटं वाढली असन.’’ मराठीची शिक्षिका मी, पण या टीकेवर मला अजून भर घालता आलेली नाही. २०११ साली त्या गेल्या. पोथी माझ्याकडे आहे. दहाव्या अध्यायाच्या पानावर हळदीचा एक डाग आहे आणि त्याच्या शेजारी दुसरा, जो आंब्याचा असावा असे मी धरून चालते.

आता शेगावला जाते ती वर्षातून एकदा. स्टेशनावर उतरले की कचोरीचा वास येतो आणि मुलगा हटकून विचारतो, ‘‘आई, तू काय घेशील?’’ मी चहा घेते. त्याची मुले माझ्यासमोर बिनदिक्कत कचोऱ्या खातात, आणि ते मला आवडते. माझी मुले लहान असताना आडून खात, कारण त्यांना कोणी तरी तसे शिकवले होते. मुलगी एकदा बिस्किटाचा पुडा घेऊन कपाटामागे बसलेली मला सापडली. ‘‘तुला दिसू नये म्हणून,’’ ती म्हणाली. तिला तिथून बाहेर काढायला मला बराच वेळ लागला, आणि त्यानंतर मी नियम केला की या घरात सगळ्यांनी माझ्या पानाशेजारीच जेवायचे. माझ्या पानात मऊ भात असला तरी. त्या नियमाने मला काय दिले याचा हिशेब वेगळा आहे. पोथीतल्या दोन्ही रोग्यांना पंक्तीत बसायला बरे व्हावे लागले. मी बरी न होता बसले.

परवा मुलीचा पुण्याहून फोन आला. करंजीच्या पारीला मोहन किती घालायचे, विचारत होती. आमच्याकडे करंजीला कानवलाच म्हणतात, चंदू मुकिनाचा तो. मी म्हटले, वाटीचे माप मला सांगता येणार नाही. पिठाची मूठ वळून बघ. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर पुरे. सारणाची चव? ती मी कधी घेतलीच नाही, वासावर करते. खोबरे भाजताना एक क्षण असा येतो की कच्चा वास जातो आणि अजून जळका आलेला नसतो. तेवढ्यात उतरवायचे. ती म्हणाली, ‘‘आई, फोन चालू ठेव. मी आत्ता भाजते आहे.’’ आणि मी इकडे, चारशे किलोमीटरवर, फोन कानाला लावून खोबरे हलवल्याचा आवाज ऐकत उभी राहिले.